घराची व्यवस्था : एकदाच नव्हे, पुनःपुन्हा

शास्त्रभाग : गणना २७:१-११, ३६:१-१२



सलाफहाद पुत्राविना मरण पावला. त्याच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि पित्याचे वतन त्यांना मिळावे असा निर्णय झाला. प्रश्न सुटला असे वाटले. परंतु गणनेच्या शेवटच्या अध्यायात त्याच वंशातील वडीलधारी मंडळी पुन्हा मोशेकडे येतात. या मुलींनी अन्य वंशात विवाह केला तर वतन कोठे जाईल, असे ती विचारतात. पहिला निर्णय चुकीचा नव्हता. त्यात विवाहाचा विचार झाला नव्हता, इतकेच. म्हणून मुलींचा हक्क कायम ठेवून त्याला नवी अट जोडण्यात आली.

आपण मात्र मृत्युपत्र एकदा करतो, कपाटात ठेवतो आणि निश्चिंत होतो. कागद तोच राहतो. घर बदलत जाते. आपल्या बहुतेकांना लागू असलेला भारतीय वारसा कायदा, १९२५ याविषयी काय सांगतो ते पाहू. (गोव्यात वारशाचा स्वतंत्र कायदा आहे, आणि काही आदिवासी समाजांत रूढी चालते. तेथील वाचकांनी स्थानिक जाणकारांना विचारावे.)

१. विवाह

या कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे ख्रिस्ती व्यक्तीने पूर्वी केलेले मृत्युपत्र तिच्या विवाहाबरोबर रद्द होते. विधुराचा किंवा विधवेचा पुनर्विवाह असला तरी हाच नियम आहे.

असे समजा की, एका अविवाहित शिक्षकाने आपले घर, आजारी आईवडिलांची अखेरपर्यंत सेवा केलेल्या बहिणीच्या नावे लिहून ठेवले. पुढे पंचेचाळिसाव्या वर्षी त्याने विवाह केला आणि तीन वर्षांनी, मूलबाळ नसताना, तो वारला. कपाटातील मृत्युपत्र आता निरर्थक आहे. मृत्युपत्र नसल्यासारखीच वाटणी होईल : निम्मा भाग पत्नीला आणि निम्मा हयात असलेल्या चार भावंडांत सारखा. ज्या बहिणीला संपूर्ण घर द्यावयाचे होते, तिला एक-अष्टमांश हिस्सा मिळेल. विवाहानंतर नवे मृत्युपत्र केले असते, तर पत्नी आणि बहीण या दोघींचीही सोय त्याला करता आली असती. त्याचे प्रेम कमी नव्हते. फक्त कागद जुना होता.

२. जन्म, मृत्यू आणि दुरावा

अपत्याच्या जन्माने मृत्युपत्र रद्द होत नाही. म्हणूनच येथे धोका आहे : थोरल्या मुलाचे नाव घालून सर्व काही त्यालाच लिहून दिले असेल, तर नंतर जन्मलेले लेकरू वगळले जाते. घटस्फोटानेही मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही.

ज्याला काही लिहून दिले तो पुतण्या किंवा स्नेही आपल्या आधी वारला, तर ती देणगी सामान्यतः लोप पावते. आपला मुलगा किंवा मुलगी आधी वारली आणि तिची मुले हयात असली, तर मात्र ती लोप पावत नाही. मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी नेमलेली व्यक्ती आज हयात आहे काय, हेही पाहावे.

३. मालमत्ता

जालन्याचे जुने घर धाकट्याला लिहून दिले, आणि पुढे ते विकून बडोद्यास फ्लॅट घेतला, तर ती देणगी संपते. फ्लॅट आपोआप धाकट्याचा होत नाही.

बँकेत किंवा शेअरसाठी नोंदविलेला नॉमिनी म्हणजेच वारस, असेही समजू नये. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. नॉमिनीची नावे मृत्युपत्राशी ताडून पाहावीत.

मंडळीला किंवा धर्मादाय कार्याला देणगी लिहिण्यावर ख्रिस्ती लोकांसाठी पूर्वी कलम ११८ ची जाचक बंधने होती. पुतणे-भाचे किंवा त्याहून जवळचे नातलग असल्यास, मृत्यूपूर्वी किमान बारा महिने मृत्युपत्र करावे लागे. हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्दबातल ठरविले. त्या भीतीने कोणी देणगी वगळली असेल, तर त्याने पुन्हा विचार करावा.

४. बदल कसा करावा

जुन्या मृत्युपत्रावर पेनाने खाडाखोड करू नये. बदलाजवळ आपली व साक्षीदारांची रीतसर सही नसेल, तर तो ग्राह्य धरला जात नाही. किरकोळ बदलासाठी पुरवणी मृत्युपत्र करावे. मोठ्या बदलासाठी नवेच करावे आणि आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द केल्याचे त्यात लिहावे. दोन्हींसाठी किमान दोन साक्षीदार हवेत. ज्याला काही द्यावयाचे आहे त्याला, किंवा त्याच्या पतीला अथवा पत्नीला, साक्षीदार करू नये. ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्रात अशा साक्षीदाराला दिलेली देणगी व्यर्थ ठरते. नोंदणी सक्तीची नाही, तरी ती उपयोगी पडते.

मनन व कृती

हिज्कीया राजाला घराची व्यवस्था लावण्याचा निरोप मरणशय्येवर आला (यशया ३८:१). आपण तोवर थांबू नये. दरवर्षी एक दिवस ठरवून मृत्युपत्र वाचावे आणि स्वतःला विचारावे :

१. हे लिहिल्यापासून आमच्या घरी कोण आले, कोण गेले ?

२. यात लिहिलेली प्रत्येक वस्तू आजही माझी आहे काय ?

३. हा कागद आज उघडला, तर ज्याने आमच्यासाठी सर्वाधिक सोसले, त्याला काय मिळेल ?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मनाला बोचले, तर याच आठवड्यात वकिलाकडे जावे.