एको आधी, एमव्ही नंतर

चि. मुग्धा,


तुझी स्क्रिप्ट वाचली. तीन बॅकअप फाइलींच्या नावांना तारीख जोडायची होती आणि शेवटी एकच फाइल उरली. आधी हे ऐक: त्या डिस्कवर आता नवं काहीही लिहू नकोस. गेलेल्या फाइलींची जागा रिकामी समजली जाते आणि तिथे काही लिहिलं की त्या परत मिळण्याची आशा संपते. डेटाबेसचा नवा बॅकअप आजच घे, पण दुसऱ्या डिस्कवर.

चूक अंडरस्कोअरपाशी आहे. तू डॉलर नेम, लगेच अंडरस्कोअर, मग डॉलर डेट असं लिहिलंस. व्हेरिएबलच्या नावात अंडरस्कोअर चालतो, म्हणून शेलने तो नेमलाच जोडून घेतला आणि त्या जोडनावाचं व्हेरिएबल शोधलं. असं व्हेरिएबल तू केलेलंच नाही. अशा वेळी शेल तक्रार करत नाही, रिकामी किंमत धरून पुढे जातं. तिन्ही फाइलींना नुसत्या तारखेचं एकच नाव मिळालं. दुसरी पहिलीवर बसली, तिसरी दुसरीवर. नाव बदलणारी एमव्ही कमांड सहसा विचारत नाही, आणि तिने पुसलेलं रिसायकल बिनमध्येही जात नाही.

नेम महिरपी कंसात घाल, डॉलर कंसाबाहेर. पूर्ण नावाला दुहेरी अवतरणचिन्हं दे, नाहीतर नावात स्पेस आली की नावाचे दोन तुकडे होतील. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट मायनस यू' लिही, म्हणजे नसलेलं व्हेरिएबल भेटताच स्क्रिप्ट थांबेल. एमव्हीला मायनस एन दे. फोल्डर बदलणारी सीडी फसली तर तिथेच बाहेर पड. क्रॉनमधून चालवताना तू भलत्याच फोल्डरमध्ये असू शकतेस.

"एरर तर आली नाही," असं तू लिहिलंस. मुग्धा, या कामात एरर न येणं हा पुरावा नव्हे. एमव्हीच्या आधी एको लिहून चालवलं असतंस, तर तीन ओळींत एकच नवं नाव तुला दिसलं असतं. मात्र एको अवतरणचिन्हं गाळून दाखवतो, म्हणून जोडीला 'सेट मायनस एक्स' ठेव. स्पेसचा घोळ त्यात दिसतो. आणि घाबरून तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवायची नाही. हे मी कळकळीने सांगतो आहे.

आता टचने एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये तीन रिकाम्या फाइली कर, एकीच्या नावात स्पेस ठेव. सुधारलेली स्क्रिप्ट तिथे दोनदा चालव. दुसऱ्या वेळी तारखेला पुन्हा तारीख चिकटते का ते बघ आणि दोन्ही वेळचं आउटपुट मला पाठव.

तुझा,
मामा