खाणीच्या ढिगावर रुई कशी जगते?

सख्यांनो, नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत शंभर वर्षांहून जास्त काळ मँगनीज काढलं जातंय. मनसर, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही गावं आपल्याला माहीतच आहेत. खनिज काढून झालं की उरलेल्या माती-दगडाचे ढीग पडून राहतात. त्यात कस नसतो, पाणी टिकत नाही, धातू मात्र जास्त. पीक तिथं धरत नाही. मग रुई, घाणेरी, एरंड अशी झुडपं कशी तग धरतात?

झुडपांच्या तीन युक्त्या

1. दारातच अडवणं : काही झुडपं धातू मुळाशीच धरून ठेवतात, पानांपर्यंत फार जाऊ देत नाहीत. मुळांवर राहणारी बारीक बुरशीही या कामात मदत करते. त्या बदल्यात झाड तिला साखर देतं.

2. कोठीत बंद करणं : जो धातू आत शिरतो त्याला झाड बांधून टाकतं आणि पेशीतल्या एका पिशवीत कोंडतं. आपण औषधाची बाटली पोरांच्या हाती लागू नये म्हणून फडताळात ठेवतो ना, तसंच.

3. साठवून घेणं : थोडी झाडं तर धातू मुद्दाम पानांत, चिकात भरतात. पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर एका झाडाचा चीक निळा-हिरवा असतो. तो वाळवला तर त्यात पाव हिस्सा निकेल निघू शकतं!

आपल्यासाठी धडा

झाड हिरवंगार दिसलं म्हणजे माती चांगली, असं नाही. धातू झाडाला मारत नाही, पण पानात असला तर खाणाऱ्याच्या पोटात जातो. म्हणून :

- खाणीच्या ढिगावरची तांदुळजा, चिवळ अशी भाजी खुडू नका. धुतल्यानं वरची धूळ जाते, पानातला धातू जात नाही.
- शेळ्या शक्यतो तिथं चारू नका.
- तिथल्या सरपणाची राख परसबागेत टाकू नका. लाकूड जळतं, धातू राखेत उरतो.
- ढिगाजवळ शेत असेल तर माती तपासा. मृदा आरोग्य पत्रिकेत 12 गोष्टी तपासतात. त्यात मँगनीज, जस्त, तांबं आहे. शिसं, कॅडमियम नाही. ते वेगळं तपासून मागावं लागतं.

ती झुडपं मात्र उपटू नका. त्यांच्यामुळे धूळ उडत नाही, पावसात माती वाहून नाल्यात, विहिरीत येत नाही. नागपूरच्या नीरी संस्थेनं मँगनीज खाणीच्या अशाच ढिगांवर साखर कारखान्याचा प्रेसमड आणि मुळांना उपयोगी जिवाणू-बुरशी घालून झाडं जगवून दाखवली आहेत. म्हणजे शेणखत आणि सोबत मिळाली तर उजाड ढीगसुद्धा हिरवा होतो.

बैठकीत बोलूया : आपल्या गावात कुणाच्या शेळ्या ढिगावर जातात? त्यांच्यासाठी दुसरा चारा कुठून आणता येईल? कुणा एकट्या बाईवर हे टाकू नका, गटानं मिळून ठरवा.