तारखांचा क्रम का चुकतो?

प्रश्न : माझ्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये तारखा ०५/१२/२०२३ अशा मजकूर म्हणून साठवल्या आहेत. क्रम लावला की डिसेंबर जानेवारीच्या आधी येतो. काय करावे?

उत्तर : मजकुराची तुलना डावीकडून एकेक अक्षर घेऊन होते. ०५/१२/२०२३ आणि १०/०१/२०२३ यांत पहिल्याच अक्षराला ० हा १ पेक्षा लहान ठरतो आणि निकाल तिथेच लागतो. महिना, वर्ष पाहिलेच जात नाही. एसक्यूलाइटमध्ये तारखेसाठी वेगळा डेटाटाइप नाही. म्हणून आयएसओ ८६०१ प्रमाणे आधी वर्ष, मग महिना, शेवटी दिवस लिहा : २०२३-१२-०५. एकअंकी महिन्याआधी आणि दिवसाआधी शून्य हवेच. नाहीतर २०२३-९-५ ही तारीख ऑक्टोबरच्याही पुढे जाऊन बसते. जुन्या नोंदी बदलण्यापूर्वी बॅकअप अवश्य घ्या.