पाटणादेवी ते पितळखोरे : पायी तीन दिवस

तिसरीत आपण जिल्ह्याचा भूगोल शिकलो. जळगाव जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुडा आहे, तो आपल्याला रावेरहून रोज दिसतो. दक्षिणेला सातमाळ्याची रांग आहे, तिलाच अजिंठ्याची रांग म्हणतात. मध्ये तापी. दक्षिणेकडचा डोंगर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला नाही. यंदाची सहल कुठे न्यायची ते अजून ठरायचे आहे, म्हणून मी हा लेख लिहीत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी, माझा आतेभाऊ आणि मामा असे तिघे गेलो. रावेरहून रेल्वेने भुसावळ, जळगाव, पाचोरा करत चाळीसगाव. तिथून पाटणादेवी सुमारे अठरा किलोमीटर. पुढे सगळे जंगल आहे, गौताळा अभयारण्य. तिथे बिबट्या आहे. म्हणून एकट्याने जायचे नाही, वनखात्याला विचारायचे आणि वाटाड्या घ्यायचा. आमचे वाटाडे तिथल्याच गावचे होते, आम्ही त्यांना नाना म्हणत होतो. ते अहिराणी बोलतात. "पाय जपीसन ठेवा," एवढे तर त्यांनी शंभर वेळा सांगितले असेल. आजी मला पाठवत नव्हती, पोरीची जात अन् जंगल म्हणून. नाना पुढे आणि मामा मागे असतील तरच जा, असे ती शेवटी म्हणाली.

पहिल्या दिवशी देवीचे देऊळ पाहिले आणि तिथेच जवळ मुक्काम केला. इथे एक शिलालेख आहे, त्याबद्दल मला जास्त सांगायचे आहे. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. लेख शके ११२८ मधला, म्हणजे आठशेहून जास्त वर्षांपूर्वीचा आहे. भास्कराचार्य हे मोठे गणिती होते. ते १११४ साली जन्मले आणि ११५० साली त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. 'लीलावती' हे त्यांचेच अंकगणित. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. (आपल्याकडे तापी-पूर्णेच्या संगमावर ज्यांचे देऊळ आहे ते चांगदेव महाराज वेगळे.) तिथल्या सोइदेव राजाने चंद्रग्रहणाच्या दिवशी सगळ्या लोकांसमोर मठाला दान दिले. ग्रहणाचे गणित करणाऱ्या माणसाच्या शाळेला ग्रहणाच्याच दिवशी दान!

आणि दान काय? लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. मामांनी अर्थ सांगितला. पाटणच्या बाजारात जो माल विकेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे मिळायचे ते मठाला द्यायचे. गावात जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांनी एकेक पळी तेल द्यायचे. ही पळी आपल्या घरची फोडणीची नसेल, मापाची असेल. म्हणजे बाजार करणारे आणि तेली, सगळ्यांच्या जिवावर ती शाळा चालायची. राजाचे नाव लेखात आहे, तेल्यांची नावे नाहीत. ती पण लिहायला पाहिजे होती असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी कण्हेरगड चढलो. चढ खडा आहे. वाटेत डोंगरात कोरलेली जैन लेणी आहेत. त्यांना लोक नागार्जुन कोठडी, सीता न्हाणी अशी नावे देतात. दुपारी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघून जंगलातून घाट चढलो आणि पठारावर आलो. मग पायऱ्यांनी दरीत उतरलो की पितळखोऱ्याची लेणी. ती छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात येतात. दोन हजार वर्षांहून जुनी आहेत, बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. पेरू देशात माचू पिचू नावाचे जुने शहर आहे. तिथेही लोक चार दिवस डोंगर चालून जातात आणि वाटाड्याशिवाय त्या वाटेने सोडत नाहीत. पण पितळखोरे त्याच्याहून दीड हजार वर्षांनी जुने आहे.

एका लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे. दाराशी द्वारपाल आहेत. पाच फण्यांचा दगडी नाग आहे, त्याच्या फण्यांना भोके आहेत, त्यातून पाणी बाहेर पडायचे. इथला खडक मऊ, पाणी झिरपते. म्हणून कोरणाऱ्यांनी पाणी काढून द्यायला आतून नाल्या केल्या. तरी पाण्याने पुष्कळ नुकसान झाले आहे, खांब झिजून गेलेत. जे राहिलेत त्यांच्यावर नंतरच्या काळातली रंगीत चित्रे दिसतात.

इथे नावे मात्र लिहिलेली आहेत. पैठणचा मितदेव, अत्तराचा धंदा करणाऱ्या घरातला, याने दान दिले. राजवैद्य मगिल यानेही दिले. ढिगारा काढताना एक यक्ष सापडला होता, बुटका, हसरा, डोक्यावर भांडे घेतलेला. आता तो तिथे नाही. त्याच्या हातावर कोरले आहे की कण्हदास सोनाराने हा केला.

भिंतींवर दुसरीपण नावे आहेत. खिळ्याने खरडलेली, बाण काढलेली, आताच्या पोरांची. त्यांनी काय केले तिथे? दानही दिले नाही आणि मूर्तीही केली नाही. नाना म्हणाले की खरडलेले पुसले तर खडकपण निघतो, म्हणून ते आता तसेच राहणार.

कड्याला आग्यामोहोळ होते. म्हणून तिथे धूर करायचा नाही, ओरडायचे नाही. आम्ही अर्धा तास हळूच बोललो. मग पठारावर येऊन गाडीने कन्नडचा घाट उतरलो.

आईबाबांनो, सहल ठरवताना हे नाव पण घ्या, आणि मुलींनाही पाठवा. पावसाळ्यात वाट निसरडी असते, उन्हाळ्यात पाणी आटते. दिवाळी ते संक्रांत बरे. चपला नको, बूट घाला, आणि प्रत्येकाजवळ पाण्याच्या दोन बाटल्या पाहिजेत.

— इयत्ता चौथी