टाक्यांऐवजी गोंद: एका पेटंटची गोष्ट

गेल्या हिवाळ्यात आमचा धाकटा जिन्यावरून पडला आणि त्याच्या कपाळाला चांगलीच खोक पडली. इमर्जन्सीत डॉक्टरांनी जखम धुतली, दोन बोटांनी कडा जुळवल्या आणि पेनासारख्या नळीतून जांभळा द्रव वरून फिरवला. काही मिनिटांत काम झालं. टाका एकही नाही! रात्री नाशिकला आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अरे, पोराला फेविक्विक लावलं की काय?"

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. फेविक्विक आणि तो जांभळा द्रव, दोन्ही एकाच कुटुंबातले. या कुटुंबाचं नाव सायनोॲक्रिलेट. त्याची ओळख पटली ती मात्र दवाखान्यात नाही, युद्धसाहित्य बनवताना.

१९४२ साली ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर हे रसायनशास्त्रज्ञ बंदुकीचा नेम धरण्यासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. सायनोॲक्रिलेट हाती लागलं, पण ते दिसेल त्याला चिकटायचं. कामाचं नाही म्हणून बाजूला टाकलं. १९५१ मध्ये कूव्हर टेनेसीतल्या किंग्सपोर्टला होते. या वेळी शोध चालला होता जेट विमानाच्या काचेसाठी उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचा. त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी प्रकाशाचं वक्रीभवन मोजणाऱ्या उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये या द्रवाचा थेंब पसरला आणि ते महागडे लोलक एकमेकांना कायमचे चिकटले. नऊ वर्षांपूर्वी जी खोड वाटली होती, तोच गुण आहे हे कूव्हर यांच्या तेव्हा लक्षात आलं.

हे इतकं का चिकटतं? या रेणूत एक दुहेरी बंध असतो आणि त्याच्या एका टोकाला इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढणारे दोन गट बसलेले असतात. त्यामुळे दुसरं टोक इलेक्ट्रॉनसाठी आसुसलेलं. हवेतल्या दमटपणामुळे जवळपास प्रत्येक पृष्ठभागावर पाण्याचा अतिपातळ थर असतो. तेवढ्या पाण्यानेही सुरुवात होते आणि एकाला एक रेणू जोडत लांबच लांब साखळी तयार होते. म्हणून वस्तू चिकटण्याआधी आपली बोटं चिकटतात, कारण त्वचा कायम ओलसर! उलट, जाड थर दिला तर तो लवकर वाळत नाही. जास्त गोंद म्हणजे जास्त मजबुती, हा इथे निव्वळ गैरसमज आहे.

आता पेटंटकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. सायनोॲक्रिलेट तयार करण्याच्या पद्धतीचं पेटंट १९४९ मध्येच गुडरिच कंपनीच्या ॲलन आर्डिस यांना मिळालं होतं. म्हणजे पदार्थ जुना. कूव्हर यांना १९५६ मध्ये मिळालेलं पेटंट, क्रमांक २७६८१०९, चिकटवण्याच्या मिश्रणांबद्दलचं आहे. पेटंट वाचताना शीर्षकापेक्षा शेवटचे क्रमांक दिलेले दावे वाचावेत ते यासाठीच. हक्क तेवढ्यापुरताच असतो. माहीत असलेल्या पदार्थाचा नवा उपयोग अमेरिकेत प्रक्रिया म्हणून मांडून पेटंट मागता येतं. भारतीय कायद्याचं कलम ३(ड) मात्र नुसत्या नव्या उपयोगाला शोध मानत नाही. मला भारताची भूमिका औषधांच्या बाबतीत रास्त वाटते, पण तोच नियम कूव्हर यांच्यासारख्यांना अवघड गेला असता, हेही खरं.

त्या काळी अमेरिकी पेटंटची मुदत मंजुरीपासून १७ वर्षं होती. म्हणजे हे पेटंट १९७३ मध्ये संपलं. गोंद १९५८ मध्ये बाजारात आला खरा, पण त्याचा मोठा खप व्हायच्या आत पेटंट संपलं आणि कूव्हर यांना त्यातून फारसा पैसा मिळाला नाही.

मधल्या काळात व्हिएतनाम युद्ध झालं. तिथे जखमी सैनिकांना रुग्णालयापर्यंत जिवंत नेण्यासाठी सायनोॲक्रिलेटचा फवारा मारून रक्तस्राव थांबवला गेला. सर्वसाधारण वापराला तेव्हा सरकारी मान्यता नव्हती. कारण साधं: रेणूची शेपटी आखूड असेल, तर शरीरात त्याचं विघटन झपाट्याने होतं आणि फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं. शिवाय घट्ट होताना उष्णताही निर्माण होते. पेशींना दोन्ही नकोत. शेपटी लांबवली, दोन कार्बनच्या इथाइलऐवजी आठ कार्बनची ऑक्टाइल जोडली, की विघटन मंदावतं आणि थरही लवचिक होतो. असा ऑक्टाइल गोंद त्वचेच्या जखमांसाठी अमेरिकेत मंजूर झाला तो १९९८ मध्ये. नेमाच्या काचेपासून कपाळापर्यंत ५६ वर्षं!

तेव्हा आईच्या प्रश्नाचं उत्तर असं: चुलतभाऊ, पण तो नव्हे. फेविक्विक इथाइलचं असतं आणि निर्जंतुकही नसतं. कापलेल्या बोटावर ते लावू नका. दवाखान्यातला गोंदही जखमेच्या आत भरत नाहीत. कडा जुळवून वरून पापुद्रा देतात, एवढंच.

आठव्या दिवशी तो जांभळा पापुद्रा अंघोळीत आपसूक निघाला. आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "छान. पण वरून तूप-हळद लावली होतीस ना?" नव्हती लावली. तुपातुेलाने तो पापुद्रा सैल होतो, म्हणून गोंदावर मलमसुद्धा लावायचं नसतं, हे तिला अजून सांगायचं आहे.