बायोटिनची खूण व तिची मोजणी

दुधाच्या किंवा रक्ताच्या तपासणीचा कागद प्रयोगशाळेंतून हातीं येतो. त्यावरील आंकडा कसा निघाला हें विचारण्याची संवय आपणां शेतकऱ्यांस नाहीं. आमचीं उमेदीचीं वर्षें महसुली दप्तरांत गेलीं, म्हणून आंकडा दिसला कीं मोजणी कोणती, हें पाहिल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

अशा कित्येक तपासण्यांत एका प्रथिनास बायोटिनची खूण लाविलेली असते. बायोटिन हें जीवनसत्त्व असून इतकें लहान आहे कीं, त्याच्या ओझ्यानें प्रथिनाचें काम सहसा बिघडत नाहीं. ही खूण शोधण्याचे मार्ग दोन. अंड्याच्या पांढऱ्या बलकांतील अॅव्हिडिन हें द्रव्य बायोटिनास चार ठिकाणीं धरतें, व ती पकड जवळजवळ सुटतच नाहीं. दुसरा मार्ग प्रतिपिंडांचा. एकटें बायोटिन शरीरास जाणवत नाहीं. म्हणून तें मोठ्या प्रथिनास जोडून सशास किंवा बकरीस टोंचतात, म्हणजे त्याच्या विरुद्ध प्रतिपिंडें रक्तांत तयार होतात. त्यांस रंग उत्पन्न करणारें विकर जोडलें, कीं जेथें खूण तेथें रंग. ठाऊक प्रमाणाच्या द्रावणांचे रंग शेजारीं ठेवून त्यांवरून नमुन्याचें माप काढतात. मधल्या धुण्यांत कसूर झाली तर मात्र सर्वत्रच रंग येतो!

पकड घट्ट तितकें साधन चांगलें, असें प्रथम आम्हांसही वाटलें. परंतु धरलेलें पुन्हां सोडवून घ्यावयाचें असेल तर प्रतिपिंड सोयीचें. 2017 सालीं संशोधकांनीं प्रथिनांचे खूण असलेले तुकडे प्रतिपिंडांनींच वेगळे काढले, तेव्हां खूण नेमकी कोठें बसली आहे हें त्यांस पाहतां आलें. शिवाय अॅव्हिडिन भलत्याच ठिकाणींही चिकटतें.

आतां आपल्या गोठ्याची गोष्ट. खुरांच्या बळकटीकरितां दुभत्या गाईस रोज 20 मिलिग्रॅम बायोटिन देण्याचा प्रघात आहे. दुधांतही तें मूळचेंच असतें. हें मोकळें बायोटिन नमुन्यांत फार झालें तर पकडणाऱ्या जागा तेंच अडवून बसतें व खरी खूण बाहेर राहते. मग कांहीं तपासण्यांत आंकडा खऱ्याहून कमी येतो, कांहींत उलट जास्त. माणसांच्या रक्ततपासणीसंबंधानें अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें 2017 सालीं असाच इशारा दिला होता. तरी नमुना देतांना जनावरास बायोटिन चालू आहे काय व तें किती, हें चिठ्ठीवर लिहून द्यावें. आणि तपासणींत बायोटिनची खूण वापरतात काय, हें तेथेंच विचारून घ्यावें.