पालाश : पिकाला आणि माणसाला

खताच्या पोत्यावर तीन आकडे छापलेले असतात. १०:२६:२६ असे. पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशाचा. कळंबचा शेतकरी असो की परंड्याचा, त्याला हे सांगायला नको. पालाश मिळाला की पिकाचा दांडा टणक होतो. पीक पाण्याचा ताण सोसते.

पालाशातले मूळ द्रव्य म्हणजे पोटॅशियम. ते आपल्या अंगातही असते. मूठ वळते, पाय चालतो, काळीज ठेक्यात धडधडते, त्याला पोटॅशियम लागते. जास्त मिठाने चढलेला रक्तदाब उतरवायलाही ते मदत करते. मोठ्या माणसाच्या पोटात ते रोज साडेतीन ग्रॅम तरी जावे.

मग ते विकत आणावे का? नाही. ते आपल्या रानातच पिकते. तूर, हरभरा, मूग, शेवग्याचा पाला, पालक, बटाटा, केळी यांत ते भरपूर असते. ताकातही असते. भाजी शिजवलेले पाणी फेकू नये. पोटॅशियम त्या पाण्यात उतरते. खताचा पालाश मात्र कधीही तोंडात घालू नये.

हगवण-उलटी लागली की पाण्याबरोबर मीठ आणि पोटॅशियमही अंगातून वाहून जाते. लेकरू मलूल पडते. पोट फुगते. १९७१ साली बंगालमध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइन पुरेना. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज पाण्यात मिसळून रोग्यांना पाजले. पुष्कळांचे प्राण वाचले. त्याच जातीची आजची पुडी म्हणजे जलसंजीवनी. तिच्या एक लिटरच्या पुडीत दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडही असते. घरच्या मीठ-साखरेच्या पाण्यात ते नसते. म्हणून पुडी जास्त चांगली.

पुडी आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मागावी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सगळी पुडी विरघळवावी. घोट घोट पाजावे. उरलेले पाणी २४ तासांनी टाकून द्यावे. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नये. लेकरू पाणी पिईना, डोळे खोल गेले, गुंगी आली, तर घरी थांबू नये. तडक दवाखाना गाठावा.

आता एक सावधगिरी. अति तेथे माती! जास्तीचे पोटॅशियम मूत्रपिंड बाहेर टाकते. ज्याचे मूत्रपिंड बिघडले आहे, त्याच्या रक्तात ते साठते. मग काळीज एकाएकी बंद पडू शकते. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम घातलेले असते. म्हणून मूत्रपिंडाच्या रोग्याने ते मीठ खाऊ नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते. गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. पोटॅशियमची गोळी किंवा औषध कोणीही आपल्या मनाने घेऊ नये.

आता आपण पुडीवरची अक्षरे वाचू शकतो. ती वाचूनच पाणी करू या.

प्रश्न
१. आपल्या रानातल्या कोणत्या चार जिनसांत पोटॅशियम असते?
२. जलसंजीवनी कशी करावी?
३. कमी सोडियमचे मीठ कोणी खाऊ नये? का?